गुरुजींचा राग

गेल्या डिसेंबरात आमच्या भागातल्या एका वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून जाऊन बसलो होतो. तारीख २४ डिसेंबर, साने गुरुजींची जयंती, त्यामुळे विषय काय असणार हे सांगायला नको. सतरंज्या, मधूनच शिटी मारणारा माइक, टेबलावर हार घातलेली तसबीर, समोर ओळीने बसलेली मुलं आणि त्यांच्या मागे मुलांपेक्षा जास्त घाबरलेले पालक. पाचवीतली एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, हात मागे बांधलेले, पाठांतर चोख. गुरुजींच्या पालगड गावापासून सुरू झाली, त्यांच्या आईवर आली आणि आईच्या मृत्यूपाशी पोचल्यावर गप्प झाली. मला वाटलं, विसरली. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या तिच्या आईकडे लक्ष गेलं. बाई ओढणीच्या टोकाने स्वतःचे कोरडे ठणठणीत डोळे टिपून दाखवत होत्या. मुलीला आठवलं. तिने खिशातून इस्त्रीची घडी न मोडलेला रुमाल काढला, आधी डावा डोळा, मग उजवा, एक हुंदका, आणि लगेच पुढचं वाक्य. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या परीक्षक बाईंनी 'हावभाव' या रकान्यात दहापैकी नऊ लिहिले. मुलगी जागेवर जाऊन बसली, मैत्रिणीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि दोघी तोंड दाबून हसल्या.

हसल्या ते मला फार आवडलं. पोरगी शाबूत होती. खटकला तो रुमाल. एका माणसाच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यातून त्याचं रडणं तेवढं वेगळं काढायचं आणि घडी घालून पोरांच्या खिशात द्यायचं, हे आपण कधी ठरवलं कोण जाणे. घरी येताना रिक्षात, रात्री जेवताना, पुढचे कित्येक दिवस ते डोक्यातून जाईना. बायको म्हणाली, "एवढं काय त्यात? साने गुरुजी म्हटलं की रडणं आलंच की." तेच तर.

आमच्या पिढीत हे पुस्तक हातात पडायची वेळ ठरलेली असे. चौथीची परीक्षा संपली, उन्हाळ्याची सुट्टी लागली, आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस कपाटातून 'श्यामची आई' काढून आणी. माझी प्रत आईची होती. पिवळी पडलेली पानं, पुठ्ठ्याला ब्राउन पेपरचं कव्हर, आत शाईने लिहिलेलं आईचं माहेरचं नाव. पानांना डांबराच्या गोळ्यांचा वास. मी वाचलं आणि रडलो. माझी धाकटी बहीण वाचून रडली. शेजारचा एक मुलगा रडला नाही, तर त्याच्या आईने माझ्या आईजवळ चिंता व्यक्त केली. पुढे कॉलेजात गेल्यावर त्याच रडण्याची लाज वाटायला लागली. कुणी जरा हळवं बोललं की टोळक्यातून आवाज यायचा, "ए साने गुरुजी, पुरे!" मीही तो आवाज काढलेला आहे. हॉस्टेलच्या खोलीत सिगरेटच्या धुरात बसून आम्ही ठरवून टाकलं होतं की हे सगळं भाबडं, बाळबोध आणि जरा जास्तच ओलं आहे. आधी सक्तीने रडायचं आणि नंतर फॅशन म्हणून हसायचं, या दोन्हींमध्ये मूळ माणसाकडे बघायचं राहूनच जातं.

माझं आजोळ अमळनेरचं, एवढा एक धागा मात्र होता. सुट्टीत भुसावळ-सुरत लाइनवरून जायचं, स्टेशनवर उतरलं की उन्हाचा तो खानदेशी फटका बसायचा, आणि आजीच्या घरी पोचेपर्यंत घसा कोरडा. भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी, दुपारी वाळ्याचं पाणी. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरायची, तिथली शेवरेवडी. आजी मिलच्या भोंग्याच्या हिशेबाने वेळ सांगायची. आणि शाळेवरून जाताना मामा, दर वेळी पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा, म्हणायचा, "ही बरं का, साने गुरुजींची शाळा." मी बघायचो. शाळेसारखी शाळा. बंद फाटक, मोकळं मैदान. तिथे काय घडलं असेल याची उत्सुकता वाटायला मला चाळिशी उलटावी लागली.

पांडुरंग सदाशिव साने हा तरुण अमळनेरला आला तो मुळात पोरांना शिकवायला नव्हे. श्रीमंत प्रतापशेठजींनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभारलेलं होतं, देशभरातली विद्वान मंडळी तिथे येत, आणि हा तिथला विद्यार्थी. कोकणातल्या कर्जाने बुडालेल्या घरातून निघून, दापोली, औंध, पुणे असं करत, कधी हाताने स्वयंपाक करून, कधी उपाशी राहून शिकलेला मुलगा. त्याने तत्त्वज्ञानात रमून जावं यात नवल नव्हतं. पण १९२४ मध्ये तो तिथल्या हायस्कुलात शिक्षक झाला आणि १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात उतरण्यासाठी नोकरी सोडून गेला. मास्तरकी झाली ती एवढीच, सहा वर्षं. पेन्शन लागू होण्याइतकीसुद्धा नाही. आपल्याकडे पस्तीस-पस्तीस वर्षं खडू झिजवलेले शिक्षक निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी कुणाला आठवत नाहीत, आणि या माणसाच्या नावाला त्या सहा वर्षांचं 'गुरुजी' जे चिकटलं ते जन्मभर.

वर्गात ते मराठी शिकवत, इतिहास शिकवत, सगळं खरं. पण माझ्या मते खरी शाळा भरायची ती छात्रालयात. खेड्यापाड्यांतून आलेली मुलं, घरापासून पहिल्यांदा दूर. त्यांचं सगळं बघायचं काम गुरुजींकडे आलं. मुलांनी टाकलेले कपडे उचलायचे, धुवायचे, घडी करून ठेवायचे. खोल्या झाडायच्या. कंदिलाच्या काचा पुसायच्या. आजारी पोराच्या उशाशी बसायचं. सुरुवातीला मुलांनी टिंगल केली, हेही आठवणींमध्ये येतं, आणि ते वाचून मला बरं वाटलं. मुलं टिंगल करणारच. आपल्या मास्तरांनी आपला सदरा धुतलाय हे बघून सोळा वर्षांच्या पोराला आधी हसू येतं, मग ओशाळं वाटतं, आणि मग एक दिवस तो निमूटपणे स्वतःच बादली उचलतो. यात उपदेश कुठेच नाही. मात्र जबरदस्ती आहे. हातात छडी न घेता केलेली, आणि म्हणूनच जिच्यातून सुटका नाही अशी. ज्याला कधी अशा माणसाजवळ राहावं लागलंय त्याला विचारा. रागावणारा शिक्षक परवडला.

त्या छात्रालयात गुरुजी एक दैनिक काढत. छापील नव्हे, हाताने लिहिलेलं. 'छात्रालय दैनिक'. दिवसभर वर्ग, संध्याकाळी मुलं, आणि मुलं झोपल्यावर हा माणूस कंदिलाशी बसून उद्याचा अंक लिहिणार. सकाळी मुलांनी उठून वाचायचा. देशातल्या घडामोडी, कुणा थोराची ओळख, एखादी गोष्ट, आणि खोल्यांमधल्या कागाळ्याही. मला हे चित्र सोडत नाही. मी स्वतः लिहिण्याच्या धंद्यात आहे, आठवड्याचा एक कॉलम वेळेवर गेला की पाठ थोपटून घेणारा. वाचक किती? एका छात्रालयातली पोरं. मानधन शून्य. पुस्तक निघणार नाही, नाव होणार नाही, अंक दुसऱ्या दिवशी शिळा. तरी रोज. पुढे १९२८ मध्ये 'विद्यार्थी' हे मासिकही त्यांनी सुरू केलं, पण मला त्या हस्तलिखित दैनिकाचं अप्रूप जास्त. गुरुजींची ती साधी, छोट्या वाक्यांची, समोर कुणीतरी बसलंय असं धरून बोलणारी भाषा कुठून आली, असं समीक्षक विचारतात. मला वाटतं इथून आली. उद्या सकाळी ज्यांनी वाचायचं ती पोरं आत्ता भिंतीपलीकडे घोरत असतील, तर माणूस अलंकारिक लिहूच शकत नाही.

'श्यामची आई' पुन्हा काढून बसलो तेव्हा ही गोष्ट एकदम डोळ्यांत भरली. पुस्तकाला प्रकरणं नाहीतच. रात्री आहेत. रात्र पहिली, रात्र दुसरी. आश्रमातली प्रार्थना झालीय, मुलं जमलीत, गावातलीही कुणी येऊन बसलीत, आणि श्याम बोलतोय. पुस्तक आईचं म्हणून आपण वाचतो. त्याचा सांगाडा छात्रालयाचा आहे. नोकरी सोडून तीन वर्षं झालेला मास्तर नाशिकच्या तुरुंगात बसलाय, आणि त्याला गोष्ट सांगायची झाली तर समोर पोरं लागतातच. म्हणून त्याने ती कागदावर बसवली. ९ फेब्रुवारी १९३३ ला लिहायला घेतलं आणि १३ तारखेच्या पहाटे हातावेगळं केलं, काही रात्री तेवढ्या नंतर बाहेर आल्यावर लिहिल्या. पाच दिवस! दिवसा तुरुंगातली कामं, म्हणजे लिहायला मिळाले ते उरलेसुरले तास. आम्ही कॉलेजात याला बाळबोध म्हणत होतो. असलं बाळबोध पाच दिवसांत लिहून दाखवा म्हणावं.

आणि ती आई. लोकांच्या आठवणीतली आई कायम डोळ्याला पदर लावून बसलेली. पुस्तकातली तशी नाही हो. पोहायला जायला नको म्हणून श्याम घरात लपून बसतो ती रात्र काढून बघा. ही माउली त्याला हुडकून काढते आणि शिंपटीने फोडून काढते. अगदी वळ उठेपर्यंत. पोर रडतंय, गयावया करतंय, आणि बाई हटत नाही. मुलगा भित्रा निघाला असं चारचौघांनी म्हटलेलं तिला खपणार नसतं. नंतर तेच वळ बघून तिचा जीव तुटतो, ते वेगळं. सावकाराचा माणूस दारात येऊन अद्वातद्वा बोलतो तेव्हाही ती गप्प बसणारी नाही. अंगात ताप आणि तोंडात निखारा. अळणी भाजीची गोष्ट घ्या. मीठ घालायचं राहिलंय, आणि वडील अवाक्षर न काढता जेवून उठतात, पोरांनाही बोलू देत नाहीत. आणि स्वतः जेवायला बसल्यावर तिला कळतं तेव्हा ती चिडते, मला सांगितलं का नाही म्हणून. आपण या गोष्टीतून 'जिभेवर ताबा' एवढंच उचललं. मला यंदा वाचताना तिचं चिडणं दिसलं. आपल्याला न सांगता आपल्यावर उपकार केलेले तिला आवडलेले नाहीत.

१९५३ मध्ये अत्र्यांनी सिनेमा काढला, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, आणि वनमालाबाईंचा चेहरा हाच महाराष्ट्राच्या मनातल्या आईचा चेहरा झाला. सिनेमा चांगलाच आहे, मला आजही तो मधूनच लावला तर शेवटपर्यंत बघावा लागतो. पण गंमत अशी की त्याच सिनेमातलं 'छडी लागे छमछम' हे गाणं पुढे दोन-तीन पिढ्यांच्या स्नेहसंमेलनात वाजलं. हातात छडी न धरता छात्रालय चालवणाऱ्या मास्तरांच्या गोष्टीवरच्या सिनेमातून आपण घरी काय नेलं, तर छडी आणि रुमाल.

तुरुंग हा या माणसाच्या आयुष्यातला दुसरा मोठा वर्ग. तिथे मात्र ते विद्यार्थी झाले. १९३० ला पहिली शिक्षा झाली तेव्हा धुळ्याहून त्यांना पार त्रिचनापल्लीला नेऊन टाकलं. आजूबाजूला तामिळ, तेलुगू, मल्याळी, कन्नड कैदी. सगळे एकाच झेंड्यासाठी आत आलेले, आणि एकमेकांशी बोलायचं तर इंग्रजी काढावी लागते, हे त्यांना फार लागलं. तिथे बसून त्यांनी तिरुवल्लुवरांचं 'कुरल' हे तमिळ काव्य मराठीत आणायला घेतलं. आंतरभारतीचं जे स्वप्न पुढे ते शेवटपर्यंत बोलत राहिले, प्रत्येक मुलाला शेजारच्या प्रांताची एक तरी भाषा यावी, ते त्या कोठडीतलं. आपल्याकडे सध्या भाषेवरून जे चाललंय ते बघता हा माणूस किती गैरसोयीचा झाला असता, असा विचार येऊन जातो. असो. तर १९३२ मध्ये परत धुळे. तिथे विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार, अठरा अध्याय. आणि कोपऱ्यात बसून साने गुरुजी ते उतरवून घेतायत. विनोबांचं बोलणं वेगाने धावणारं, आणि हे लघुलिपी न येता, साध्या लिपीत. आज जगभरच्या भाषांमध्ये गेलेलं 'गीता प्रवचने' आहे ते या हातामुळे. स्वतः एवढा बोलणारा, लिहिणारा माणूस, पण दुसरा बोलतोय म्हटल्यावर खाली मान घालून लिहून घेत बसला. वर्गात चांगलं शिकवणाऱ्यांपैकी कितीजणांना हे जमतं? मला तरी जमणार नाही, मी मध्येच माझं काहीतरी घुसडीन.

या सगळ्यात मला राग कुठे दिसला, ते सांगतो.

'श्यामची आई'त मोळीविकीची एक गोष्ट आहे. एका म्हाताऱ्या दलित बाईच्या डोक्यावरची मोळी खाली पडलीय, तिला ती एकटीने उचलवत नाही, आणि गावातलं कुणी हात लावायला तयार नाही, कारण विटाळ. श्यामची आई त्याला म्हणते, जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी येऊन अंघोळ कर. लहानपणी वाचताना मला आई केवढी मोठ्या मनाची वाटली होती. आता वाचताना ती अंघोळ टोचते. हात लावायचा, मदत करायची, आणि मग धुऊन टाकायचं. त्या काळच्या, त्या गावच्या बाईच्या मानाने तिने फार मोठी उडी मारली हे मला कळतं. पण अंघोळ आहेच. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे की गुरुजींनी ती लपवली नाही. ज्या आईला देवघरात बसवायचं, तिच्या तोंडची ही तडजोड लिहून ठेवली. गाळता आली असती. एका वाक्याचा तर प्रश्न होता.

ती अंघोळ या मुलाने, पुस्तक लिहिल्यावर चौदा वर्षांनी, फेडली असं मी म्हणतो. पुस्तकात कुणी असं जोडलेलं नाही, हे माझं आपलं. १९४६ च्या अखेरीला गुरुजी बाहेर पडले आणि महिनोन्‌महिने महाराष्ट्र पालथा घातला. पंढरपूरच्या विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडलं पाहिजे. बरोबर सेनापती बापट, राष्ट्र सेवा दलाची तरुण पोरं, गाणी, सभा. गावोगावच्या विहिरी आणि देवळं या दौऱ्यात खुली झाली. पंढरपूरचे बडवे काही ऐकेनात, तेव्हा १ मे १९४७ पासून तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण. मे महिन्यातलं पंढरपूर ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको, चंद्रभागेच्या वाळवंटात पाय ठेववत नाही. लोकांनी शिव्या घातल्या, काय काय म्हटलं. खुद्द गांधीजींनीही आधी उपोषण थांबवावं असं कळवलं होतं. ज्यांच्या शब्दासरशी नोकरी सोडली, तुरुंग पत्करला, त्या गांधींचंसुद्धा इथे ऐकलं नाही. दहा-अकरा दिवस अन्न सोडून पडलेला हा मऊ माणूस कुणालाच वाकवता आला नाही. शेवटी दार उघडलं.

याला राग म्हणतात. ओरडणं नाही, आदळआपट नाही, म्हणून आपल्याला तो ओळखू येत नाही एवढंच.

आता यातही सगळं गोड नाही. हिंदू म्हणून मरणार नाही, ही डॉ. आंबेडकरांची येवल्याची घोषणा १९३५ ची. ज्यांच्यासाठी हे दार उघडायचं, त्यांच्यातले कितीतरी जण तोवर त्या दाराकडे पाठ करून दुसऱ्या वाटेला लागले होते. देवळात येऊ द्या म्हणायचं कशाला, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. माझा एक दलित मित्र, उत्तम शिक्षक, मला एकदा म्हणाला, "तुझे गुरुजी आमच्यासाठी उपाशी राहिले, मान्य. पण ते तुमच्या पापासाठी उपाशी होते." मी त्यावर काही बोललो नाही. मला वाटतं गुरुजींनीही ते मान्य केलं असतं, कारण गांधींचा खून झाला तेव्हा त्यांनी पुन्हा एकवीस दिवसांचं उपोषण केलं. खून आपल्या माणसाने, महाराष्ट्रातल्या माणसाने केला, तर त्याचं प्रायश्चित्तही आपणच घ्यायचं. माझी आजी मात्र हा सगळा हिशेब दोन वाक्यांत मिटवायची. ती आषाढीला जाणारी, सखाराम महाराजांची पालखी पंढरपूरला जाते त्या गावची. म्हणायची, "इठोबा काय दारात उभा राहून जात इचारत होता का? बडवे इचारत होते."

मुलांसाठी लिहिणारा लेखक म्हटलं की डोळ्यांसमोर सशाच्या, परीच्या, राजाराणीच्या गोष्टी येतात. गुरुजींनीही 'गोड गोष्टी' लिहिल्या. पण त्या मालिकेत काय काय सापडतं ते बघा. जॉर्ज इलियटचा 'सायलस मार्नर' 'मनूबाबा' होऊन येतो. ह्यूगोचं 'ले मिझराब्ल' 'दुःखी' होऊन येतं. मी दहाव्या-अकराव्या वर्षी 'मनूबाबा' वाचला तेव्हा तो विणकर इंग्लंडातला आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मला तो आमच्या पारोळ्याकडचाच वाटला होता. तालुक्याच्या गावातल्या, इंग्रजीचा गंध नसलेल्या पोरांना जगातली मोठी दुःखं कळली पाहिजेत, आणि ती आत्ता कळली पाहिजेत, मोठं झाल्यावर नव्हे, असा त्यात एक आग्रह आहे. मुलांना काय झेपेल याची हल्ली आपण फार काळजी करतो. गुरुजी करत नव्हते. भूक, कर्ज, अपमान, मरण, सगळं सांगून टाकत.

म्हणूनच मुलांसाठीच्या त्यांच्या छोट्या चरित्रांची शेवटची पानं वाचताना मी अडखळतो. '११ जून १९५० रोजी गुरुजींची प्राणज्योत मालवली.' वारा आला आणि मालवली, अशा थाटात. वयाची एक्कावन्न वर्षंही पुरी नव्हती. १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेलं 'साधना' साप्ताहिक जेमतेम रांगायला लागलं होतं. स्वातंत्र्यानंतरचा देश बघून आत काहीतरी तुटत गेलेला हा माणूस स्वतःच्या हाताने गेला, हे मोठ्यांना ठाऊक असतं आणि मुलांना सांगितलं जात नाही. का सांगत नाहीत तेही कळतं. मी संपादक असतो तर मीही दहा वर्षांच्या मुलासाठी तेच वाक्य छापलं असतं, बहुधा. पण आईने मारलेले वळ, घरावर आलेली जप्ती, आपलंच चोरणं, आपलंच खोटं बोलणं, हे सगळं ज्याने मुलांपासून लपवलं नाही, त्याचीच एक गोष्ट आपण मुलांपासून पंचाहत्तर वर्षं लपवतोय, हे मला बोचतं. आणि दुसरीकडे ते रडणं तेवढं आपण रंगमंचावर आणतो, कारण ते सोयीचं. त्या रडण्याचं पुढे काय होतं, माणूस कुठवर जातो आणि कधीकधी कसा एकटा पडतो, ते सांगायचं झालं तर बोलणं वाढतं.

माझी भाची तेरा वर्षांची आहे. तिला मोबाइलवर ते आपलंआपणच सापडलं, तेव्हा तिने मला फोन केला. "मामा, तुला माहीत होतं?" मी म्हटलं, हो. "मग सांगितलं का नाहीस?" मी जे होतं ते सरळ सांगितलं, जेवढं मला माहीत होतं तेवढं. ती बराच वेळ चिडलेली होती. मग विचारायला लागली, जवळ कोण होतं, कुणाला आधी कळलं नाही का, डॉक्टरकडे का नाही नेलं. पुढच्या सुट्टीत आली तेव्हा माझ्या कपाटातून तिने 'सुंदर पत्रे' काढली. पुतणीला, सुधाला, 'साधना'तून लिहिलेली ती पत्रं, शेवटच्या वर्षा-दीड वर्षातली. ती पेन्सिल घेऊन बसली आणि शेवटाकडची पत्रं शोधून शोधून वाचायला लागली. तिला त्यात खूण हवी होती. पानांमध्ये फुलं होती, पक्षी होते, आभाळ होतं, कुठल्या पुस्तकाचं कौतुक होतं.

"म्हणजे ते सुधाला कळू देत नव्हते," ती म्हणाली.

मी म्हटलं, तसं असेल. किंवा तिला लिहीत असायचे तेवढा वेळ ते खरंच बरे असतील.

तिला हे पटलेलं नाही. दोघांपैकी खरं काय यावर आमचं अजून भांडण चालू आहे, आणि त्या भांडणासाठी म्हणून ती आता 'धडपडणारी मुले' मागून घेऊन गेली आहे.